बाई, ती बांगडी तुझीच होती

बाई, काल तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या गाड्या जुंपून गेले आणि सांजेला दामू माझ्या पायाशी येऊन बसला. पाय दाबायला लागला. पोटचा पोरगा न सांगता पाय दाबायला लागला की तो काहीतरी मागणार, हे तुला माहीत आहे.

"माय," तो म्हणाला, "उद्या अमरावतीले जाऊन येतो. मोठ्या मायच्या वावरावर नाव चढवून टाकतो. उशीर बरा नाई."

"कोनाचं नाव?"

"कोनाचं म्हणजे? मायं. दुसरं कोन हाये?"

गावालाही तसंच वाटतं. तुला लेकरू नाही, दोन जावांच्या घरात मुलगा हा एकटाच, तेव्हा थोरलीचं वावर दामूचं. वेगळं काही असू शकतं हे मला एकटीला ठाऊक आहे, आणि तेही तुझ्यामुळे. तू जायच्या थोडं आधी, नात गोदी विहिरीवर गेली होती तेव्हा, माझा पदर धरून म्हणालीस, "जांभळीचं वावर गोदीले. दामूले नाई. तू सांगजो." खोलीत आपण दोघीच. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तुझी उशी सारखी केली आणि पेज आणायच्या निमित्तानं उठले. वाटलं, भांडायला उद्याचा दिवस आहे. कितीतरी दिवस आपण त्याच गोष्टीवरून भांडत होतो. मी म्हणायची, "लेक असताना नातीले वावर देते काय कोनी?" तू म्हणायचीस, "नातीले नवऱ्यानं टाकलं. लेकाले कोनं टाकलं?" मग मी भाकरी जोरानं थापायची. तर या वेळी तू माझं उत्तर न ऐकताच निघून गेलीस. ही कुठली रीत झाली, बाई?

उत्तर नव्हतंच माझ्याजवळ, ते जाऊ दे.

गोदी दामूची लेक, माझी नात, पण वाढली तुझ्याच मांडीवर. अंजनगावच्या सासरहून ती परत आली तेव्हा तू तिला एकही प्रश्न विचारला नाहीस, नुसतं पाणी तापवलंस. आता दामू तिचा पाट लावून द्यायला निघाला आहे, एका बिजवराशी. दुसरं लग्न आपल्या लोकांत वावगं नाही, मला ठाऊक आहे. पण पोरगी नको म्हणते. नावावर वावर असलं तर तिचं नको कोणीतरी ऐकेल. नाहीतर बापाच्या ताटात जेवणाऱ्या पोरीचं नको कोण ऐकतं? तिनंच मला या वयात अक्षरं शिकवली. मी पाटीवर ग काढत बसायची तेव्हा तू दाराशी बसून म्हणायचीस, "मसनात काय अर्ज देणार हायेस व धाकले?" बघ, हा कागद तिथंच पाठवून राहिले.

मला भेव वाटतं, बाई. दामू वाईट नाही. त्याचं खाते, त्याच्या छपराखाली निजते. आणि त्याच्या तोंडावर सांगायचं, की तुझी मोठी माय असं बोलली होती आणि ऐकणारी मी एकटीच होते. कोण विश्वास ठेवेल? काल त्यानं अमरावतीचं नाव काढलं आणि मला ती जुनी कचेरी पुन्हा दिसायला लागली.

ते कापसाचे दिवस होते. समुद्रापल्याड कुठंतरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, आणि आपल्या वऱ्हाडच्या रुईसाठी अमरावतीत नि अकोल्यात साहेब लोक येऊन बसले. बडनेऱ्याला आगगाडी येणार अशी बोलवा होती. ज्या काळ्या जमिनी लोकांनी पडीक टाकल्या होत्या, त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भाऊबंद उभे राहून पावलं मोजायला लागले होते. मी या घरात नवी सून. सोळा-सतरा वर्षांची असेन, अक्कल त्याहून कमी. स्वयंपाक येत नव्हता, सल्ला मात्र कुणालाही देता येत होता. तुला मी तेव्हा 'तुमी' म्हणायची. माझे भासरे, म्हणजे तुझे मालक, मरीच्या साथीत जाऊन वर्ष होत आलं होतं.

गणबा आला तेव्हा तू गोठ्यात सरकी भिजवत होतीस. चुलत दीर आपला, पण बोलायचा असा की जणू तुझा पाठचा भाऊ.

"वहिनी, जांभळीचं वावर दादानं मले विकून ठेवलं. कागद अमरावतीच्या कचेरीत हाये. तुमची बी निशानी हाये त्याच्यावर. परवा वखर घालतो."

तू मान वर केली नाहीस. मग तो जरा जवळ सरकला आणि आवाज गोड केला. "वावर सोडवत नसंल तं मायाशी पाट लावा. घरचं वावर घरात राहील."

त्याची बायको त्याच्या घरी खोकत होती. ती अजून जिवंत होती.

"कागद पाहू दे," तू म्हणालीस. "मंग सांगतो."

तो गेल्यावर तुझे हात सरकीत तसेच राहिले. माझे मालक कापसाच्या गाड्या घेऊन खामगावला गेलेले, परवाच्या आत येणं शक्य नव्हतं. तू उठलीस आणि बैल जुंपायला लागलीस. आणि मी, ही शहाणी, काय म्हणाले आठवतं? "तुमी नुसत्या उभ्या राहा, बाई. बोलाचं काम मायं." साहेबावर छाप पडावी म्हणून मी नथ घातली. कचेरीत जायला नथ! साहेबाच्या लग्नाला निघाले होते जशी.

वाटेभर कापसाच्या गाड्या. बाभळीच्या काट्याकाट्याला पुंजके अडकलेले. मी बडबड करत होते. कचेरीत बाईचं नाव घेतलं की ती वर्षात मरते म्हणतात, साहेबाच्या काचेतून खोटं बोलणाऱ्याची जीभ काळी दिसते म्हणतात. तू कासरा धरून समोर बघत होतीस. शेवटी म्हणालीस, "तुये दात वाजून राहिले का बांगड्या?"

दात वाजत होते.

कचेरीच्या ओसरीवर माणसं गुळावरच्या माशांसारखी बसलेली. सगळ्यांना जमिनीचेच कागद हवे होते त्या वर्षी. दोन बायका आल्या म्हटल्यावर सगळे आपल्याकडे पाहायला लागले, जसं गुरांच्या बाजारात कोणी वाघ आणला. दफ्तराच्या खोलीच्या दाराशी पांढऱ्या दाढीचे मुनशी बसले होते. त्यांच्या पाठीमागं फळ्यांवर लाल कापडात बांधलेली गाठोडी, छतापर्यंत. रुमाल म्हणायचे त्यांना. एकेका रुमालात एकेका गावाचे कागद. त्यातल्या कुठल्यातरी एकात तुझं वावर होतं.

"किसका कागज देखना है? नाम बोलो."

बोलायचं काम माझं. पण भासऱ्याचं नाव मी कसं घेणार? मी म्हणाले, "ते... आमच्या घरचे मोठे."

"बाई, मोठे तो सब के घर में होते. नाम के बगैर क्या ढूँढूँ?"

मागून कोणीतरी हसलं. मी तुझ्याकडं पाहिलं. तू पदर पुढं ओढलास, फरशीकडं पाहिलंस आणि तुझ्या मालकाचं नाव घेतलंस. जन्मात पहिल्यांदा. ते जिवंत असताना त्यांना जेवायला बोलवायचं तर तू कडी वाजवायचीस. मी डोळे मिटून घेतले, आता काहीतरी कोसळणार म्हणून. काही कोसळलं नाही. मुनशींनी टाक कानावर खोचला आणि रुमाल सोडायला घेतला.

कागदामागून कागद. वाळवीचा वास. मुनशी एकेक पान उचलायचे, ओठ हलवत वाचायचे, "ये नहीं" म्हणून बाजूला ठेवायचे. प्रत्येक "ये नहीं"ला मला जीव परत मिळायचा आणि पुढचं पान उचललं की पुन्हा जायचा. मी मनात नांदगावच्या खंडेश्वराला नवस बोलत होते, की कागद सापडू नको देऊ. नारळापासून सुरुवात केली ती चांदीच्या छत्रापर्यंत गेले. घरात चांदीची वाटी नव्हती. तू मात्र माझ्या कानाशी पुटपुटलीस, "असंल तं दिसू दे एकदाचा."

दिसला.

मुनशींनी वाचून दाखवलं. जांभळीचं वावर, पूर्वेला नाला, पश्चिमेला गणबाचा धुरा. अमरावतीच्या बाजारात, नवरा-बायको दोघांनी समक्ष, राजीखुशीनं खरेदी लिहून दिली. खाली दोन निशाण्या. ज्यांना सही येत नव्हती ते लोक तेव्हा चित्र काढायचे, शेतकरी नांगर आणि बाई बांगडी. तसा एक छोटा नांगर आणि त्याच्या बाजूला एक गोल.

मुनशींनी कागद आपल्याकडं फिरवला. "ये चूडी तुम्हारी है?"

मी तुझ्या पाठीत बोट खुपसलं. नाही म्हण. गोल तर गोल, जगातल्या कुठल्याही बाईचा असेल. नाही म्हण, बाई, आणि घरी चल.

तू वाकलीस. किती वेळ पाहत होतीस कोण जाणे. मग म्हणालीस, "हो. मायीच हाये."

मी मागच्या खांबाला टेकले. मुनशींनी उसासा टाकला आणि रुमाल बांधायला घेतला. "फिर तो खतम हुआ, बाई."

"थांबा," तू म्हणालीस. "बांगडी मायी हाये, पन नांगर त्यायचा नाई. म्या हे बांगडी काढली तवा ते नोते. त्यायच्या तेरवीले काढली."

"कौन गवाह है?"

तू मागं वळलीस. "हे होती. सांग व."

तेव्हा मला आठवलं. वर्षापूर्वी तेरवीच्या दिवशी गणबा कागद घेऊन आला होता. खालचा कोपरा उघडा, बाकी घडी. म्हणाला, दादाचं नाव कमी करून वहिनीचं लावतो, निशाणी पाहिजे. घरात शाई कुठली? तू भिंतीला टेकून बसली होतीस, तुझ्या मनगटांवर फुटलेल्या बांगड्यांचे ओरखडे अजून बुजले नव्हते. तुला काही विचारायचं कोणाला सुचलं नाही. पण मी आहे ना सगळ्यांच्या पुढं! धावत गेले आणि माझी काजळाची डबी आणून दिली. माहेरची, तूप घालून कालवलेलं काजळ. कापसाच्या पऱ्हाटीची काडी त्यात बुडवून तू तो गोल काढलास.

मुनशी आपल्याला आत तहसीलदारापुढं घेऊन गेले. पुण्याकडचा माणूस, बोलणं अगदी इस्त्री केलेलं. "बोला, बाई. घाबरू नका." घाबरू नका म्हटलं की माणूस दुप्पट घाबरतं, हे या शिकलेल्या लोकांना कोण सांगणार? माझं तोंड उघडलं आणि त्यातून काय निघालं, तर उचकी. दुसरी उचकी. दारातला शिपाई तोंडावर हात धरून हसायला लागला. मला वाटलं, आता मी उचक्या देत राहणार आणि तिकडं तू गणबाच्या घरात जाणार, त्याच्या खोकणाऱ्या बायकोच्या शेजारी तुझं अंथरूण पडणार. तू माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीस. तुझी पाठ तेवढी दिसत होती, आणि ती हलत नव्हती.

"तेरवीले," मी म्हणाले. "उक्... गणबा भावजी आले. शाई नोती. म्या... उक्... मायं काजळ देलं. नवी डबी होती माहेरची."

नवी डबी होती हे कशाला सांगायचं? पण ते सांगितल्याशिवाय माझ्यानं राहवलं नाही.

तहसीलदार कागद घेऊन खिडकीशी गेले. उजेडात धरला. नांगर शाईचा, वाळून तपकिरी पडलेला. तुझ्या बांगडीभोवती मात्र तुपाचा पिवळा डाग पसरला होता, कागदाच्या पाठीपर्यंत. त्यांनी बोट फिरवलं. बोट काळं झालं. वर्षानंतरही काळं झालं.

मुनशी हळूच म्हणाले, "हुजूर, अमरावती के बाजार में काजल से कौन लिखता है?"

पुढं गणबाला बोलावणं गेलं. दोन्ही निशाण्या बाजारात, एकाच बैठकीत झाल्या असं तो छातीवर हात ठेवून सांगत राहिला. मग कागद लिहिणाऱ्याला आणून विचारलं, तर तो म्हणाला, बाई माझ्या दुकानाची पायरी कधी चढलीच नाही. कागद रद्द झाला. वावरावर तुझं नाव लागलं. गणबा पुढं म्हातारा होऊन मेला तेव्हा त्याच्या अंगणात जाऊन तू रडलीससुद्धा. मी नाही गेले. माझं मन तुझ्याएवढं मोठं कधीच नव्हतं.

पण त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी गाडीत तुझ्याशी भांडले. 'तुमी' म्हणायचं तिथंच विसरले बहुतेक.

"काहून हो म्हटलं तू? नाई म्हटलं असतं तं कोन पायत होतं? मले बोलता आलं नसतं तं?"

तू बैलांना हाकलंस. मग म्हणालीस, "समद्या फोडल्या व मायावाल्या. हे एकच साबूत होती. तिले नाई कशी म्हनू?"

तुझं रडणं मला दिसू नये म्हणून मी नथ काढत बसले आणि ती धुळीत पडली. गाडी थांबवून दोघी शोधत बसलो, तुला त्यात हसू आलं. नथ सापडली नाही.

मी बोलले नसते तर? हे मी तुला किती वेळा विचारलं. हरभरा निवडताना, गोदीच्या बारशाला, परवा परवा तू अंथरुणाला खिळलीस तेव्हाही. तू दर वेळी काहीतरी थट्टा करायचीस. "उचक्या मोजून घेतल्या असत्या साहेबानं." कधी म्हणायचीस, "तुयं तोंड बंद राह्यलं हाये काय कधी?" खरं उत्तर तू मला दिलं नाहीस. तुला माझी खात्री होती, की तू मनातून गणबाच्या घरी जायची तयारी ठेवून 'हो' म्हणाली होतीस? दुपारी डोळा लागला की मी अजून त्या खिडकीसमोर उभी असते आणि घशातून आवाज निघत नाही. जागी होते तेव्हा लुगडं घामानं भिजलेलं असतं. तू शेजारच्या बाजेवर असायचीस, घोरत. ते घोरणं ऐकलं की बरं वाटायचं. आता बाज उभी करून ठेवली आहे.

तुझं मी किती देणं लागते, बाई. दामूच्या वेळी मी तापानं फणफणले होते तेव्हा तू त्याला शेळीचं दूध पाजून जगवलंस. माझे मालक गेले तेव्हा माझ्या हातातल्या बांगड्या फोडायला बायका आल्या, तू सगळ्यांना बाहेर काढलंस आणि एकेक करून हातानं उतरवल्यास, एकही ओरखडा न येता. मी त्याबद्दल तुला कधी काही म्हणाले नाही. आज म्हणते.

आज पहाटे मी दामूला सांगितलं. तो दारात तोंड धूत होता. मी म्हणाले, "मोठी माय बोलून गेली. जांभळीचं वावर गोदीचं."

तांब्या त्याच्या हातात तसाच राहिला. "कवा बोलली?"

"जायच्या आंधी."

"कोनं ऐकलं?"

"म्या."

"अन् दुसरं?"

"कोनी नाई."

चुलीपाशी गोदी लाकूड मोडत होती, तो आवाज थांबला. दामूनं माझ्याकडं पाहिलं. आपण दोघींनी वाढवलेलं ते तोंड, पण मला ते वाचता येईना. मग तो म्हणाला, "मंग चाल मायासंगं कचेरीत. मले नोको सांगू, साहेबाले सांग." रागानं म्हणाला की विश्वासानं, मला कळलं नाही. मी तिथं जाऊन गप्प बसेन असं त्याला वाटत असेल. मलाही तसं वाटतं.

गोदीनं मला लुगडं नेसवलं. आत्ता हे लिहिते आहे तोवर बाहेर बैल जुंपले गेले. खिडकीतून दामू दिसतो आहे. त्यानं गाडीत कडबा पसरला, त्यावर घरातली जाड गोधडी आणून दुहेरी घडीनं अंथरली, माझ्या कमरेला धक्के बसू नयेत म्हणून. हातानं दाबून पाहिली. याचंच जास्त भेव वाटतं, बाई. तो रागावला असता तर त्याच्याविरुद्ध बोलणं मला सोपं गेलं असतं.

चालले.